मागून वाजवलेली टाळी

डहाणू, मंगळवार, दिवेलागणीला

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन, करायचं की नाही, ते आजच्या तपासणीवर ठरणार होतं. यांनी डॉक्टरीणबाईंसमोरच माझ्या मागे उभं राहून टाळी वाजवली. मी वळले, म्हणून ओठ तरी दिसले. "बघा, मशीन लावलं की ऐकू येतं हिला. ऑपरेशन कशाला?"

बाईंनी मला ऐकू येईल तो शब्द परत म्हणायला सांगितलं. तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द म्हणत गेल्या. दोन्ही कानांत मशीन होतं, आवाजही येत होता. पण शब्द? विसातले दोन. ओठ झाकले की नुसता कालवा उरतो, हे मलाही इतकं माहीत नव्हतं.

परत येताना रिक्षात हे माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मुद्दाम चुकलीस."

चिकूच्या वाडीत इतकी वर्षं मला टाळी वाजवूनच बोलावतात. गुरंसुद्धा टाळीला वळतात. त्यांना काय बोलणं कळतं?

आत्ता लिहिताना मागून टाळी वाजली. स्वच्छ ऐकू आली. मी वळले नाही.

मग हे बराच वेळ काहीतरी बोलत होते. ते मात्र खरंच कळलं नाही.