सौ.चं बोट

१६ जाने. २००८
काल संक्रांत. गुळाच्या पोळ्या किती झाल्या ते लिहीत नाही. वर साजूक तूप. आज उपाशीपोटी साखर २३१. हे मोजायचं यंत्र लेकीनं आणून दिलंय. मेघा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून फोन, "बाबा, किती?" म्हटलं, पट्टी वाया गेली, उद्या सांगतो.

१७ जाने.
आजही २२०. खरं सांगावं तर मेघा रविवारी येऊन डबे उघडून बघणार. सौ.ला म्हटलं, जरा तुझं बोट दे. "साखर तुमची, बोट माझं. छान आहे." पण दिलं. सौ. एकदम ठणठणीत, तिचा आकडा माझा म्हणून सांगायचा, झालं काम.
२५४ आली.
"किती हो?" तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अठ्ठ्याण्णव." फोनवर मेघालाही तेच. मेघा खूश. म्हणाली, आता कसे शहाण्यासारखे वागताय.

१८ जाने.
तिच्या बोटाला गूळ लागला असेल, दुसरं काय? साबणानं हात धुवायला लावले, परत टोचलं. २६१.
शाळेत जन्मभर कॉपी करणारी पोरं पकडली. आता शेजारच्याचं बघून लिहायला गेलो, तर त्याचा पेपर माझ्याहून वाईट.
सौ.ला "छान आहे" म्हटलं. उद्या नक्की सांगणार.

२१ जाने.
नाही सांगितलं. सांगायचं तर मेघाला बोटाचं कळणार आणि सौ.ला अठ्ठ्याण्णवचं.
तिची हळदीकुंकवं जोरात. कसब्यातली सगळी घरं पालथी घालते, घरटी तिळगूळ. आज समोरच्या वहिनींनी लाडू देताना विचारलं, "तुम्हाला चालतो ना?" तर ही म्हणते, "न चालायला काय झालं? पथ्य आमच्या ह्यांना. माझी अठ्ठ्याण्णव आहे." केवढ्या तोऱ्यात. मी मागे पिशवी धरून उभा. तेव्हा तरी बोलायचं होतं.

२२ जाने.
सौ. रात्री दोनदा उठली पाणी प्यायला. आजच नाही, दिवाळीपासून उठतेय. ब्लाउज सैल झाले म्हणून खूश होती. मला माझ्या आकड्यापलीकडे काही दिसतच नाही.
मेघाचा फोन उचलला नाही.

२४ जाने.
नव्या चपलेनं सौ.ची टाच सोलवटली होती, आठवडा झाला. हळद भरून हिंडत होती. आज पाय धुताना पाहिलं. ओली आहे, कडा लाल, वास येतोय. "दुखत नाही हो मुळीच." दुखत नाही तेच वाईट, रोज तळपाय बघत जा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. मी बघतो. स्वतःचे.
नालायक माणूस आहे मी.

२५ जाने.
सकाळीच दोघं आपल्या डॉक्टरांकडे. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना, पण सौ.ला तिथवर चालताना मधे दम खायला थांबावं लागलं. त्यांनी टाच पाहिली, मग माझ्याकडे. "सर, घरात यंत्र आहे ना? यांची साखर कधी पाहिली नाहीत?"
खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण सांगितलं, सगळं, तिच्यादेखत.
डॉ. म्हणाले, "म्हणजे यंत्र चांगलंय. माणूस बिघडलाय." सिस्टरनी जखम धुतली, बांधायची कशी ते मला दोनदा करून दाखवलं. गोळ्या सुरू. रक्त तपासायला दिलं. सोमवारपर्यंत टाच सुकायला लागली नाही तर हॉस्पिटल, "आणि मग किती कापावं लागेल ते मी आज सांगू शकत नाही."
घरी आलो. मेघाला मीच फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२६ जाने.
सौ.चा अबोला. ताट वाढलं, माझं साधं वरण, दोन फुलके. समोर बसून तिनंही तेच खाल्लं. तिळगुळाचा डबा मोलकरणीला दिला. माफी मागितली. "भात हवाय का?" एवढंच.

२७ जाने.
माझी आज १८८. मेघाला फोनवर खरी सांगितली. "बरं," म्हणाली. आईचा पाय कसाय, विचारलं.
मग सौ. आली, चष्मा लावून. बोट स्वतःच टोचलं. मी वाकून बघायला गेलो तर यंत्र आपल्याकडे वळवून घेतलं. बराच वेळ बघत राहिली.
"किती?" मी विचारलं.
"अठ्ठ्याण्णव."
यंत्र पुसून ठेवलं. टाचेची पट्टी बदलायची होती. चुकून कुणाला पाय लागला तरी नमस्कार करणारी बाई, आज तिनं पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवला. सिस्टरनी दाखवलं तसं सोडलं, धुतलं, बांधलं.
अजून ओली आहे. उद्या सोमवार.