परक्याचं आडनाव

बाबा, तुमच्या नातीनं तुम्हाला एक शब्द लावला आहे, आणि तेव्हापासून मी तुमच्याकडे जरा संशयानं पाहतो आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे अवघडच.

झालं असं, की जेवताना मी माझा नेहमीचा किस्सा सांगत होतो. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर, समोर मी, मध्ये झाकलेलं ताट. संस्कृतातला 'हरि' शब्द सगळ्या विभक्तींत पूर्ण चालवल्याशिवाय जेवण नाही. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आई चुलीजवळून म्हणते, "लेकराले खाऊ द्या ना आधी." तुम्ही म्हणता, "भाकर काही पळून नाही जाऊन राह्यली." आणि ओठांतल्या ओठांत हसता. इथे घरचे सगळे हसतात. नात हसली नाही. ती मानसशास्त्र शिकते. म्हणाली, "पप्पा, आजोबा सॅडिस्ट होते."

मी शब्दाचं मूळ शोधलं, खोड तुमचीच. निघालं एका फ्रेंच उमरावाचं आडनाव. दुसऱ्याला छळून मिळणाऱ्या सुखाबद्दल त्यानं पुष्कळ लिहिलं, फ्रेंचांनी त्याच्या आडनावाचा शब्द केला, पुढे एका डॉक्टरानं तो जर्मन ग्रंथात विकार म्हणून नोंदवला, तिथून इंग्रजीत गेला, आणि आता जानेफळच्या स्टॅन्डवर कंडक्टरनं सुटे मागितले तरी कॉलेजची पोरं त्याला तेच म्हणतात. आपल्याकडे ऋषींवरून गोत्रं चालतात. तिकडे उमरावांवरून विकार. त्या घराण्यातल्या नातवंडांना कोणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

मग वडनेरला मोठ्या आत्याकडे गेलो. माझ्या लहानपणी ती आपल्याकडेच राहायची. विचारलं, "आत्या, बाबा हसत काऊन होते?"

"हासत कायचा बे? तुह्यासंगं 'हरि' म्हने तो, आवाज न करता. तू चुकला का त्याचेबी ओठ थांबत. अन् उपाशी तोबी होता."

पण आत्या तुमची बहीण. नुसत्या तिच्या साक्षीवर कसं सोडणार? म्हणून काल आरशासमोर उभं राहून मुक्यानं 'हरि' चालवला. 'हरिभिः'ला ओठ खरंच ताणले जातात, हसल्यासारखे. सुटलात, म्हटलं. पण मी अडायचो तो 'हरौ'ला. तिथे ओठ गोल होतात. आणि तुम्ही तिथेही हसल्याचं मला आठवतं.

म्हणजे थोडं हसत होतातच. त्याला आपल्या घरातलं काहीतरी नाव असेल, ते मला सापडलेलं नाही. पण परक्याच्या आडनावानं तुम्हाला कोणी ओळखलेलं मला चालत नाही. नातीला मी फक्त आत्याचं सांगितलं, आरशाचं नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही ते ठीक. तिच्या हाती पडू नये, एवढंच बघायचं आहे.