वर्षभर उशिरा लागलेला निकाल

गो आये,

गेल्या वर्षी जूनमध्ये मी तुला फोनवर जो निकाल सांगितला होता, तो आज लागला. म्हणून हे पत्र.

तू म्हणशील, एकच निकाल दोनदा कसा लागेल? लागत नाही. तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले होते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शरीररचनेच्या पेपरात मी नापास झाले होते, आये.

तुझ्या वर्षश्राद्धासाठी काल धामापूरला आले. आपल्या घरात रेंज नाही, हे तुला माहीतच आहे. सकाळी तळ्याच्या बांधावर जाऊन उभी राहिले आणि मोबाईलवर निकाल उघडला. पास! अगदी काठावर, पण पास. आनंदानं मागे वळले, तर सांगायला होतं कोण? कपडे धुणारी एक बाई होती, तीही अनोळखी. घरी आले. कुलूप जाताना मीच लावलं होतं, मीच काढलं.

तो फोन आठवतो ना तुला? तू काजूच्या कारखान्यातून केला होतास. मागे बायकांचा आवाज येत होता. मग तू म्हणालीस, "काय गो, लागलो निकाल? पास झालंस मां?" आणि मागचा आवाज एकदम थांबला. सगळ्या जणी हातातलं काम टाकून ऐकत होत्या, नाही का? मी काय सांगणार होते? "होय गो आये, झालंय," म्हणाले.

तुला वाटलं असेल, गावच्या शाळेत पहिली येणारी माझी मुलगी कोल्हापुरात जाऊनही पहिलीच येणार. पण तिथे सगळं इंग्रजीत, आये! मॅडम शिकवायच्या आणि मी नुसती मान हलवायची. बाकीच्या मुली भराभर लिहून घ्यायच्या. माझ्या वहीत निम्मी पानं कोरी. प्रश्न विचारला तर हसतील, म्हणून विचारायचाच नाही. हळूहळू वाटायला लागलं, शाळेतला पहिला नंबरच खोटा होता. इथे आलेय तीच चुकून.

आणि तू! त्याच संध्याकाळी मालवणहून गुळाचा खाजा आणून अख्ख्या वाडीला वाटलास. का गो एवढी घाई? मला थोडा रागही आला होता तुझा. आता लाज वाटते त्या रागाची.

ठरवलं होतं, फेरपरीक्षेत पास झाले की तुला खरं सांगून टाकायचं. पण तू थांबलीस कुठे? शेजाऱ्यांच्या भातलावणीला गेलीस, ताप आला, तो अंगावर काढलास. मला कळवलंस तेव्हा तू जिल्ह्याच्या दवाखान्यात होतीस. डॉक्टर म्हणाले लेप्टो, शेतातल्या पाण्यातून होणारा ताप.

मी आले त्या दुपारी तुला बोलायलाही त्रास होत होता. सलाईन बदलायला नर्स आली. तिचा हात धरून तू म्हणालीस, "ह्या माजा चेडू. नर्स होतला. पयल्या वर्षाक पास झाला." ती माझ्याकडे बघून हसली, "अभिनंदन हं," म्हणाली. मी मान हलवली. तुझ्यासमोर, आये. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

ते मान हलवणं माझ्या अंगावरून अजून उतरत नाही.

फेरपरीक्षेला बसले तेव्हा तू जाऊन तीन-चार महिनेच झाले होते. निकाल लागला, पुन्हा नापास. त्या दिवशी कुणाला न सांगता हॉस्टेलमधून बॅग भरली आणि सरळ गावची एसटी धरली. आता शिकायचं नाही, तुझ्या जागी कारखान्यात बसायचं, असं पक्कं ठरवून आले.

किल्ली शेवंताकाकीकडे होती. तुझ्या शेजारी बसून इतकी वर्षं काजू फोडणारी शेवंताकाकी. माझी बॅग बघूनच ती समजली. मी तिला सगळं सांगितलं, फोनवरचं खोटंसुद्धा. वाटलं, आता ही मला बोल लावणार. तिनं मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाली, "तुजी आवस काय पयल्याच दिसाक शिकली? तिना काजी फोडल्यान, तर गराचो निसतो चुरो! मुकादमिणीन तो सगळ्यांसमोर दाखवल्यान. रडत घराक गेली. दोन दिस इली नाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तिसऱ्या दिसाक बघतंय तर माज्या बाजूक बसलेली. महिनोभर चुरोच करी होती. पण रोज येय."

आये, हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस? मला वाटायचं, तुला सगळं जन्मतःच येत होतं. अख्खा गर काढणारी, कारखान्यात सगळ्यांत तरबेज बाई माझी आई! तू एकदा जरी म्हणाली असतीस, "बायो, मीय रडान पळान इललंय," तर मीही त्या फोनवर खरं बोलले असते. लपवलंस तूही, लपवलं मीही. एवढ्याशा घरात दोघीच राहायचो आपण, तरीसुद्धा!

दोन दिवसांनी मी परत गेले. लगेच काही जमलं नाही गो. रोज दहा इंग्रजी शब्द घ्यायचे, त्यांचा अर्थ आधी मराठीत लिहायचा, मग हाडांची चित्रं काढत ती नावं मोठ्यानं म्हणायची. दुसऱ्या वर्षाचा अभ्यास, वॉर्डातली ड्युटी, आणि वर हे. पहिल्यांदा वर्गात हात वर केला तेव्हा माझं इंग्रजी ऐकून दोघी हसल्याच. तरी प्रश्न पुरा केला. मॅडमनी उत्तर फळ्यावर चित्र काढून समजावलं. तेव्हा हसणाऱ्या त्या दोघीसुद्धा वहीत उतरवून घेत होत्या! काही दिवस बरे जायचे, काही दिवस सगळं विसरायला व्हायचं. विसरलं की पुन्हा पहिल्या हाडापासून सुरुवात. तिसऱ्यांदा पेपरला बसले तेव्हाही पास होईन असं वाटत नव्हतं. फक्त पेपर कोरा ठेवायचा नाही, एवढंच ठरवलं होतं.

आज शेवंताकाकी कामावर आहे. वाडीत दुपारचं कुणी नाही. दारापुढच्या खळ्यात बसून लिहितेय. मधेच हात थांबतो आणि वाटतं, तू आतून विचारशील, "जेवलंस काय गो?" नाही जेवले. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो.

यंदा आमच्या हॉस्टेलला दोडामार्गची एक मुलगी आली आहे. तीही मराठी शाळेतली. पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत बसते. परवा आईशी फोनवर बोलताना "सगळा बरा चल्ला हा" म्हणत होती, आणि डोळे पुसत होती. मी जिन्यात थांबले होते. तिच्याजवळ गेले नाही. मी दोनदा नापास झालेय हे हॉस्टेलमध्ये कुणाला सांगायला अजून जीभ रेटत नाही.

तुझं श्राद्ध झालं की परत जाईन. पहिलं काम करीन ते हे, की तिच्या खोलीत जाऊन तिला सांगेन, मी दोनदा नापास झाले, आईशी खोटं बोलले, आणि खरं काय ते सांगेपर्यंत आई थांबली नाही. मग तिला म्हणेन, आधी घरी फोन लाव. अभ्यासाला उद्यापासून दोघी बसू. जीभ अडखळली तरी सांगेन, आये. हा शब्द तुला देते, आणि हा खोटा नाही.

तुझी,
बायो