मे महिन्यातली गव्हाण

सर, अमरावतीत मे महिना पेटलाय आणि मी नाताळ रंगवतेय. भेटकार्डं छापणाऱ्याला चित्र आत्ताच हवं, म्हणून कूलरसमोर बसून बेथलेहेमवर बर्फ पाडतेय. ब्रशवरचा रंग कागदापर्यंत पोचायच्या आत सुकतो. दोनदा चित्र परत आलं. मालक फोनवर म्हणाला, "मॅडम, सगळं बरोबर आहे, पण यात सण नाही. आता एकदाच बघतो, नाहीतर कॉम्प्युटरवर काढून घेतो." राग येण्याऐवजी मला भीती वाटली, कारण त्याचं खरं आहे. कित्येक दिवसांत माझ्या हातून एकही जिवंत चेहरा उतरलेला नाही. हेही जमलं नाही तर ब्रश कायमचे धुऊन ठेवायचे, असं ठरवून बसलेय, आणि त्या विचारानंच जीव घाबरा होतो. अंगात जरा नाताळ यावा म्हणून दारात चांदणी टांगली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून वं पोरी, उन्हानं डोकं फिरलं का तुयं?"

मग अकोल्यातलं तुमचं अंगण आठवलं. शाळेत तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवायचात आणि डिसेंबर आला की अंगणात येशूच्या जन्माचा गोठा मांडायचात. मी सातवीत आहे. छपरावर बर्फ म्हणून कापूस पसरतेय आणि तुम्ही खेकसता, "बर्फ पायला का वं तुनं कधी? काढ थो कापूस. पोराखाली टाकाले पायजे थो." छप्पर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचं, बैल आमच्या घरचे, पोळ्याला पुजलेले मातीचे. नाताळच्या संध्याकाळी तुम्ही गव्हाणीत बाळ ठेवलं, जरा वेळ पाहिलं आणि गळ्यातला मफलर काढून त्याच्यावर घातला. "थंडी वाजून राहिली असन त्याले." मातीच्या बाहुल्याला! मी खो खो हसले. तुम्ही नाही हसलात.

आज सकाळी नवा कागद घेतला. बर्फ नाही. पऱ्हाट्यांचं छप्पर, पोळ्याचे बैल, गव्हाणीत कापूस. मालकाला बर्फच हवाय, तो काय म्हणेल कोण जाणे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक सांगते, हसू नका. दुपारी बाळाचा चेहरा पुरा झाला. बघत बसले, आणि मग उठून कूलर बंद केला. वारा सरळ त्याच्या अंगावर येत होता.