मागच्या बाकापर्यंत

मंगळवार, संध्याकाळ. सिहोरा

डोकं अजून तापलेलंच आहे. आज इंग्रजीच्या तासाला, चारशे वर्षांपूर्वीच्या त्या विलायती नाटकातलं राणीचं भाषण म्हणायची माझी पाळी होती. बाबा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या लोकनाटकात राजा होतात. त्यांचं एकच सांगणं, "मागच्या माणसाले ऐकू आलं पायजे." मी तसंच म्हटलं, पार मागच्या बाकापर्यंत. सर मधेच हसले. "ही तुमच्या गावची दंडार नाही. हळू, सभ्यपणे म्हण." मग वर्गही हसला.

मागच्या आठवड्यात यांनीच शिकवलं ना, की ही नाटकं उघड्यावर व्हायची, गोरगरीब उभ्यानं, खात-ओरडत बघायचे? मग त्यांची राणी काय कुजबुजत होती? हे तोंडावर काहून नाही विचारलं मी?

उलट मुकाट्यानं आवाज उतरवला. सर म्हणाले, "आता कसं छान." मागच्या बाकावरून माझी मैत्रीण वंदना म्हणाली, "सर, काही ऐकूच नाही येऊन राह्यलं." तिलाच गप्प बसवलं.

घरी आले तर बाबा दारातच. "जमलं का वं? मागच्याले गेलं ऐकू?"

मी हो म्हटलं. तेही हळू, सभ्यपणे.