मागच्या बाकाखालची चीर

भोईवाडा, धरणकाठ
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर
१४ नोव्हेंबर १९७८

चि. सयाजी यास,
अ. उ. आ. वि. वि.

इकडील सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. क्षेम काही नाही. तू बांधून दिलेली होडी गळते.

दसऱ्याला नारळ फोडून पाण्यात सोडलेली होडी दिवाळी सरते न सरते तोच गळायला लागावी, याचं तुला काही वाटतं का ते कळव. मागच्या बाकाखाली, तळाच्या पत्र्याला तू आडवी पट्टी वेल्ड केलीस ना, तिथं वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेनं केसासारखी रेघ दिसली होती. आता ती वीतभर चीर झाली आहे. एकानं जाळं ओढायचं आणि दुसऱ्यानं डबड्यानं पाणी उपसायचं, असा आमचा संसार चालला आहे.

मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत सगळे लाकडाच्या होडीच्या बाजूनं होते, हे तुला माहीत आहे. मी उभा राहून सांगितलं की आमचा धाकटा शिरोलीच्या कारखान्यात दुधाच्या टाक्या बनवतो, ॲल्युमिनियम त्याच्या हातात मेणासारखं वागतं, त्याची होडी पिढीभर पाणी घेणार नाही. मी चेअरमन, माझ्या शब्दाला मान देऊन लोक गप्प बसले. आता त्यांना तोंड कुठल्या तोंडानं दाखवू? दुधाच्या टाक्याही अशाच बनवत असशील, तर शिरोलीच्या रस्त्यावरची मांजरं चांगलीच बाळसं धरत असतील.

मी डांबर तापवून चिरेत ओतलं आहे आणि वर पत्र्याचा तुकडा लावून रिबिटा मारल्या आहेत. आई बरी आहे. तुझ्या वहिनीनं फराळाचा चिवडा पिराजीबरोबर पाठवायला बांधला होता. तो मासळी घेऊन तिकडं बाजारात येतोच. पण मला राग आला आणि तो पुडा आम्हीच सोडून खाल्ला. होडीचं काय करायचं ते उलट टपाली लिही.

लोभ आहेच, पण सध्या तो तुला दिसणार नाही.

तुझा दादा,
हंबीरराव


उचगाव, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर १९७८

ती. दादांच्या चरणी,
सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून घास गिळवेना. चीर गेली म्हणून नव्हे, तुम्ही डांबर ओतलंत म्हणून. ॲल्युमिनियमला नुसता तेलाचा हात लागला तरी त्यावर वेल्डिंग नीट धरत नाही. आम्ही ब्रशनं घासघासून पत्रा लख्ख करतो आणि मग मशीन हातात घेतो. तुम्ही चिरेच्या पोटात डांबर भरलंत. आता तेवढा पत्रा कापूनच काढावा लागणार. जखमेत शेण भरून येणाऱ्याला डॉक्टर काय म्हणत असेल ते लिहीत नाही, तुम्ही वडील आहात.

दुसरं असं की, ही होडी मी वल्ह्यांसाठी बांधली होती. परवा बाजारात पिराजी भेटला आणि बोलता बोलता म्हणाला की तुमची होडी हल्ली फटफटीसारखी वाजत जाते. मला वाटलं थट्टा करतोय. दादा, शेतीपंपाचं रॉकेल इंजिन तुम्ही मागच्या बाकावर बसवलंत आणि पत्रात त्याचं अवाक्षर नाही? वेल्डिंगच्या आचेनं टाक्याच्या कडेचा पत्रा थोडा मऊ पडतो. तो पाण्याचा भार सोसेल, पण इंजिनाची दिवसभराची थरथर सोसणार नाही. तार पुढं-मागं वाकवत राहिलं की तुटते ना, तेच इथं झालं आहे.

आता सांगतो तसं करा. इंजिन उतरवा. होडीत कुणालाही बसू देऊ नका. चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलनं बारीक भोक पाडा, म्हणजे चीर तिथंच थांबेल, पुढं पळणार नाही. आणि ट्रक करून होडी शिरोलीला पाठवा. आर्गॉन वायूचं वेल्डिंग मशीन आणि त्याला लागणारी वीज धरणावर आणता येत नाही, होडीलाच इकडं यावं लागेल. आमचे मालक अप्पा सुट्टीच्या दिवशी शेड उघडून देतो म्हणाले आहेत.

दुधाच्या टाक्या गळत नाहीत. त्यांच्यावर कुणी इंजिन बसवत नाही. चिवड्याचं कळलं. आईस सा. न. सांगावा.

लोभ होता तेवढा आहे. तो वाढावा असं वागा.

आपला,
सयाजी


भोईवाडा, धरणकाठ
२६ नोव्हेंबर १९७८

चि. सयाजी यास,
अ. आ. वि. वि.

गळक्या होडीला आणखी दोन भोकं पाडा, हे तुझं शास्त्र मी दोनदा वाचलं. आधी वाटलं घाईत काही राहून गेलं असेल. तसं नाही, तू खरंच तसं लिहिलं आहेस. इथल्या एखाद्या पोरालाही हे सांगितलं असतंस तर तो पोट धरून हसला असता.

इंजिन बसवलं, होय. माझं वय काय, धरणाचा वारा काय, वल्ही मारून माझे खांदे कसे झालेत, हे उचगावात बसून तुला दिसायचं नाही. दसऱ्याला सगळ्यांसमोर तूच म्हणालास की ही होडी म्हणजे म्हैस आहे, काहीही लादा. इंजिन लादू नका एवढंच सांगायचं विसरलास वाटतं.

माझा तुकडा टिकला नाही, हे मात्र खरं. त्याच्या कडेनं नवी चीर आली. मग मी जाड पत्र्याचा मोठा तुकडा मारला, तर त्याच्याही कडेनं आली. जिथं मजबूत करावं त्याच्या शेजारी फाटतं. असला धातू माणसानं होडीला का वापरावा, हे तुझ्या मालकाला विचार.

ट्रकवर घालून भर बाजारातून ही होडी मी नेणार नाही. लाकूडवाले टपूनच बसले आहेत. उद्या म्हणतील, भावानं भावाला पत्र्याचं घमेलं दिलं. होडी इथंच राहील आणि पाण्यातच राहील.

लोभ वाढवा म्हणतोस. आहे तो आटू देत नाही, एवढं पुष्कळ समज.

हंबीरराव


भोईवाडा
३ डिसेंबर १९७८

चि. सयाजीभावजी यांस,
विमलाचे अ. आ. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. पत्र पिराजीच्या हाती देते, म्हणजे पोस्टमनला कळायचं नाही.

हे तुम्हाला काय लिहितात ते मी वाचत नाही, पण लिहिताना दातओठ खातात ते दिसतं. गावात मात्र वेगळंच सांगतात. धरणात बुडालेल्या जुन्या गावठाणाच्या भिंतीवर मीच होडी घातली, माझी नजर चुकली, म्हणून पत्रा चिरला, सयाजीच्या कामात दोष नाही, असं सोसायटीच्या प्रत्येक माणसाला सांगून झालं आहे. लोक ह्यांना हसतात. चेअरमनला आता भिंत दिसेनाशी झाली, असं तोंडावर म्हणतात. हे ऐकून घेतात. घरात येऊन मात्र माझ्यावर ओरडतात.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. आता हे दुसऱ्या कुणाला होडीत बसू देत नाहीत. एकटेच जातात. मागं बसून एका हातानं सुकाणू धरतात आणि दुसऱ्या हातानं पाणी उपसतात. जाळंही एकटेच ओढतात. परवा परत आले तेव्हा मांड्यांपर्यंत भिजले होते. मी अडवलं तर म्हणाले की होडी काठावर ठेवली की लोक खाली वाकून बघणार, टाक्याच्या कडेची चीर दिसणार आणि पोराचं नाक कापलं जाणार. पोरगा म्हणजे तुम्ही. सासूबाई रोज काठावर जाऊन उभ्या राहतात आणि होडी परतल्यावरच घरी येतात.

खरं सांगू का, मला तुम्हा दोघांचाही संताप आला आहे. एकजण चीर झाकतो आणि दुसरा लांबून धडे देतो. पाण्यात जातो तो माझा नवरा आहे. तुम्ही स्वतः या.

वहिनीवर माया असेल तर ती आत्ताच दाखवा.

सौ. विमला


उचगाव
११ डिसेंबर १९७८

ती. दादा,
नमस्कार. आज लांब मायना लिहायला हात वळत नाही.

माझ्या टाक्याची अब्रू राखायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? गावात काय बोलता ते मला समजलं आहे. कुणाकडून ते विचारू नका आणि घरात कुणावर डोळे काढू नका. तुम्ही मला शिव्या देत होता, मी तुम्हाला देत होतो, तोवर ठीक होतं. माझ्यासाठी गावभर खोटं बोलून, त्याच चिरेवर बसून एकटे पाण्यात जाता, हे मला मुळीच मान्य नाही. असलं प्रेम मला नको. माझं नाक माझ्या तोंडावर आहे, ते कापलं तर मी बघून घेईन.

टाका कुणाचा नि इंजिन कुणाचं, यावर जन्मभर भांडू. येत्या रविवारी मी ट्रक घेऊन येतो. सोसायटीच्या लोकांसमोर उभा राहून सांगणार आहे की भिंत नव्हती नि काही नव्हतं, चीर माझ्या टाक्याच्या कडेनं गेली. तुमचा शब्द पडला तर पडू दे.

तोवर होडी पाण्यात घातलीत तर मला भाऊ म्हणू नका.

सयाजी


(पोस्टकार्ड)
भोईवाडा, १४ डिसेंबर

चि. सयाजी, आ.

ट्रक आणू नको. लोकांसमोर तू तोंड उघडलंस की मी खोटा ठरतो, तेवढ्यासाठी भाडं भरून यायची गरज नाही. या आठवड्यात बाजाराला मासळी द्यायची आहे. होडी रोज पाण्यात असेल, रविवारीही असेल. मला पोहता येतं.

हंबीरराव


भोईवाडा
१५ डिसेंबर १९७८

सयाजी, सुखी ऱ्हा.

तुजी आई धोंडुबाई सांगती, इमला लिवती. ती म्हणती, मायना नीट घालू. म्या म्हटलं, तुमी दोगा भावांनी लई मायनं घातलं, आता माजं ऐका.

आज सकाळी हंबीर रॉकेलचा डबा आणाय घरात आलता. होडी काठाला वडून ठिवली हुती. म्या परड्यातली पहार घेतली, होडीत चढले आन् तिच्या बुडात घातली. एकडाव न्हाय, दमूस्तवर घातली. पत्रा लई चिवट हाय बाबा, लवकर ऐकंना. पर त्या मागच्या बाकाखाली घातली तवा पापडागत फाटला. हंबीरचं डोस्कं आत जाईल एवढं भगदाड पाडलंय.

हंबीर वरडत आला. सोसायटीची माणसं गोळा झाली. म्या समद्यांना सांगितलं, होडी म्या फोडली, मला ही पत्र्याची होडी सुरवातीपासनं बगवत न्हवती. लोकं म्हणत्यात, म्हातारीचं डोस्कं फिरलं. म्हणू द्यात की. आता तुजा टाका चिरला का हंबीरनं भिंतीवर घातली, ह्ये कोण इचारतंय? समदा गाव म्हातारीवर बोलतोय. ट्रक भर बाजारातनं ने. तुमा दोगांकडं कुणी बगायचं न्हाय.

हंबीर मला म्हणला, आई, मला पवाय येतंय की. तुमच्या बापालाबी येत हुतं. ह्या काठापासनं त्या काठापातूर जाऊन परत यायचा. जाळ्यात पाय गुतला तवा त्येचं पवणं काय कामाला आलं? तुमी ल्हान हुता. म्या काठावरच हुते. म्या नुसती बगत ऱ्हायले. ह्या खेपंला माज्यानं नुसतं बगवंना.

हंबीर माज्याशी बोलत न्हाय. न्हाय तर न्हाय. जेवतोय मातर नीट.

ऐतवारी ट्रक घिऊन ये. दोगांनी मिळून होडी चढवा, तुज्या कारखान्यात न्या, भोकं पाडा, कापा, काय करायचं त्ये करा. पर तिच्यावर परत इंजिन दिसलं, तर पहार म्या उशाला घिऊन झोपती, एवढं दोगांनीबी ध्यानात ठिवा.

धोंडुबाई
(हिथं आंगठा उठवलाय)