सदूच्या लेकीला माझ्या पाटल्या

मी, गोदावरी विठोबा भाटकर, जिला सगळे गोदूबाई म्हणतात, वय एकाहत्तर, धंदा मासळीचा, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी मला त्यांच्याशी भांडावं लागलं. त्या भांडणावरूनच त्यांची खात्री पटली.

१. माझा ट्रॉलर मुलगा निहार याला. अट एकच: वादळाची सूचना लागली की ट्रॉलर धक्क्यावरून हलवायचा नाही. कारणं लिहू नका, असं वकील म्हणाले. मी लिहिणार.

माझा धाकटा भाऊ सदाशिव, म्हणजे सदू, दूर दक्षिणेत रॉकेटचं इंधन बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार होता. १९९८ साली तिथे आग लागली. सोबतचे मुत्तू आणि वेंकटय्या त्यात गेले. सदू वाचला, पण उजवा हात भाजून आखडला आणि डावा कान कायमचा गेला. गडी घरी आला तो रॉकेटांचं कौतुक करतच. मी म्हणायची, "आमच्या धक्क्यावर दिवा नाय, आणि ही मंडळी आभाळात दिवाळी करतायत! तुझा हात घेतला मेल्यांनी!" की हा डावा कान माझ्याकडे करून बसायचा.

२००१ च्या वैशाखात, उपग्रहाला वादळ दिसलं म्हणून बंदरावर सूचना लागली. आभाळ तर घासलेल्या ताटासारखं लख्ख. मी निहारला म्हटलं, निघ तू. तेवढ्यात सदू ट्रॉलरवर चढला आणि बर्फाच्या खणात उताणा झोपला.

"ऊठ रे चक्रमा!"

"नाय उठणार. बर्फ भरायचा तर माझ्यावर भरा."

खलाशांनी भरला. मीच सांगितलं. हा खाली कुडकुडतोय, आणि उपग्रह वर कसा फिरतो ते दात वाजवत आम्हाला समजावतोय. त्या गोंधळात ओहोटी लागली, बंदराच्या तोंडाशी पाणी उतरलं आणि ट्रॉलर राहिला. दुसऱ्या दिवशी दर्या उठला. शेजारच्या येसूबाईचा नवरा जानू सूचना न मानता गेला होता. त्याच्या होडीची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

माफी मागायची मला सवय नाही. सदूच्या घरी बांगड्याचं तिखलं पाठवत राहिले. शेवटी त्याची बायको सगुणा म्हणाली, "वन्सं, पोचलं हो सगळं. आता सुरमई तरी पाठवा."

२. मागच्या परड्यातली जागा येसूबाईला. माझं कुंपण ओलांडून जाळी वाळत घालण्यावरून ती जन्मभर माझ्याशी भांडली. आता जागाच तिची. कुणाशी भांडायचं ते तिने बघावं.

३. घर निहारचं. दर्याकडची खोली मात्र सदूची मुलगी योगिनी हिची, तिच्या हयातीपर्यंत. सुनेने तिथे कांदे पसरू नयेत.

४. माझ्या सोन्याच्या पाटल्या योगिनीला, आणि त्या आजच. मी मरायची वाट बघू नये. लग्नासाठी नाहीत, मोडून तिकडे बिऱ्हाड मांडावं.

तिकडे म्हणजे रॉकेटच्या केंद्रात. पोर इंजिनियर झाली. गेल्या महिन्यात आपलं यान चंद्राकडे निघालं तेव्हा सदूने बंदरभर पेढे वाटले. चार दिवसांनी योगिनीची तिथे निवड झाल्याचं कळलं आणि पेढेवाला एकदम फिरला. म्हणे, बँकेची परीक्षा दे. सगुणा रडते, पोर जेवत नाही. मी त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन विचारलं, "का रे, आता काय झालं?"

"आक्का, तेव्हा आत मी होतो. आता ती असणार."

घरी येऊन मी हातातल्या पाटल्या उतरवल्या.

५. सरकारला माझ्याकडून काही नाही, फक्त एक सांगणं. सूचना येते म्हणून आमची पोरं घरी येतात, हे मी लिहून देते. यान उडालं की टीव्हीवर साहेब लोक टाळ्या वाजवतात, त्यांना शोभतं. पण मुत्तू आणि वेंकटय्या ही नावं मी सदूशिवाय कुणाच्या तोंडून ऐकली नाहीत. सर्वपित्रीला तो त्यांची दोन पानं वाढतो. आम्हा दोघांच्या पश्चात ती निहारने वाढावी. वेंकटय्या वांगं खात नसे, हे सुनेला सांगून ठेवावं.

६. सदूला मी काहीही देत नाही. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार करू नये, असं वकिलांचं म्हणणं. आणि मला साक्षीदार तोच हवा.

हे लिहीत असताना तो समोर बसून वाचतो आहे. "चक्रम" शब्दावर त्याची हरकत आहे. ती फेटाळली. चौथ्या कलमावर मात्र तो थांबला.

"आक्का, खरंच जाऊ देऊ तिला?"

"पोटचं पोर रोज दर्यात पाठवते मी. मला विचारतोस?"

त्याने पेन मागितलं.

लिहून देणार: गोदावरी विठोबा भाटकर
साक्षीदार: सदाशिव धोंडू नाटेकर
साक्षीदार: देवदत्त केळकर, वकील (मजकुराच्या लांबीस जबाबदार नाही)
मुक्काम रत्नागिरी, दि. २१ नोव्हेंबर २००८